सेकंडहँड वॉकिंग फूट मशीन घेतलंय, चामड्याच्या कामासाठी कसं लावू?

अबोली_ऐरोली

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला राहते. चामड्याची पाकिटं, पिशव्या आजवर हातानेच शिवत आले: आरीने भोकं, मग दोन सुया आणि मेण लावलेला दोरा. काम मनासारखं होतं, पण एका मोठ्या पिशवीला दिवस जातो आणि मनगट दुखायला लागलंय. ऑर्डरी वाढल्या म्हणून मशीन घ्यायचं ठरवलं.

भिवंडीकडे बॅगा शिवणारं एक युनिट बंद झालं, त्यांच्याकडून हे वॉकिंग फूट मशीन (म्हणजे वरून दाबणारा फूटही चामड्यासोबत पुढे सरकतो ते) टेबलासकट उचललं. ज्युकी या जपानी कंपनीच्या डीएनयू १५४१ मॉडेलच्या धर्तीवर बनवलेलं चिनी हेड (टेबलावरचं मूळ मशीन) आहे, नावाची पट्टी गायब. नी लिफ्टर (गुडघ्याने फूट उचलायचा दांडा) आहे, दोऱ्याचा स्टँड आहे, जुनी क्लच मोटर आहे. हँडव्हील हाताने फिरतं, पण प्रत्येक फेरीत एका ठरावीक जागी जड लागतं. आत तेल वाळून पिवळा चिकट थर बसलाय. मोटरला प्लग नाही, चार वायरी मोकळ्या लोंबताहेत.

माझं काम म्हशीच्या आणि बकरीच्या चामड्यात असतं, जाडी १.२ ते २ मिमी. कडेला, पट्ट्याच्या जोडाला वगैरे थर मिळून जास्तीत जास्त ६ मिमी. शिलाई वरून दिसते, त्यामुळे टाका देखणा हवा. घर तिसऱ्या मजल्यावर, वन बीएचके, साधं घरगुती मीटर.

मोटर बदलायची का? सुई-दोरा कुठला? मिस्त्रींना मी बोलावणारच आहे, पण त्याआधी माझ्या हाताने काय काय करता येईल ते सांगा. मशीन मला समजून घ्यायचंय.

कळवेकर

ताई, अभिनंदन. वॉकिंग फूट घेतलंत हे उत्तम केलंत, बरेच जण शर्टाचं मशीन घेऊन बसतात आणि मग चामड्यावर दातांचे ओरखडे मोजत राहतात.

आधी एक महत्त्वाचं. चार वायरी म्हणजे मोटर थ्री फेज असण्याची दाट शक्यता आहे, तीन फेज आणि एक अर्थिंग. कुणी 'यातल्या दोन जोडून बघू' म्हणालं तर ऐकू नका. मोटरवरची पट्टी पुसून वाचा. ४१५ व्होल्ट लिहिलेलं असेल तर घरच्या २३० व्होल्टवर ती तशी चालणार नाही.

वागळे_मिस्त्री

अबोलीताई, मी आयुष्यभर वागळे इस्टेटमध्ये शिलाई मशीनच दुरुस्त केली. आता निवृत्त आहे, पण हा विषय दिसला की हात शिवशिवतात. सविस्तर लिहितो.

मोटर सध्या विसरा. पट्टा काढून ठेवा. पट्टा असला की जड काय लागतंय, मोटर की हेड, ते कळत नाही. पट्टा काढून हँडव्हील फिरवलं आणि तरी त्याच जागी जड लागलं, तर दुखणं हेडमध्ये आहे. सुई काढा, फूट वर घ्या, सुई प्लेट काढा, शटलच्या (सुईचा दोरा पकडून खालच्या दोऱ्यात गुंफणारा फिरता भाग) आजूबाजूला बघा. जुन्या बॅगांच्या मशीनमध्ये दहापैकी नऊ वेळा तिथे दोऱ्याचे तुकडे गुंडाळून वितळल्यासारखे बसलेले असतात, वर रेक्झिनचा भुगा. बारीक चिमट्याने ओढून काढा. सुरी घालू नका, शटलच्या टोकाला ओरखडा गेला की पुढे आयुष्यभर दोरा फाटत राहतो.

वाळलेलं तेल काढायला रॉकेल. फडकं आणि जुना टूथब्रश, खिडक्या उघड्या, गॅस बंद. रॉकेल घातल्यावर मशीन हाताने भरपूर फिरवा, काळं पाणी येईल ते पुसा, मग परत घाला. पूर्ण सुटं झालं की एक रात्र तसंच ठेवा आणि सकाळी तेल द्या. तेल म्हणजे शिलाई मशीनचं पांढरं, पातळ तेल. खोबरेल नको, खाण्याचं कुठलंच तेल नको, त्याचाच तो पिवळा थर होतो. स्प्रेच्या डब्यातलं गंज सोडवायचं द्रव्य अडकलेला स्क्रू काढायला चांगलं, पण ते वंगण म्हणून टिकत नाही.

छिद्रांभोवती लाल रंग दिसेल, ती तेलाची छिद्रं. नीडल बार (सुई धरणारी दांडी), फूटचे दोन्ही बार, वरचे सांधे, शटल. प्रत्येक ठिकाणी दोन थेंब, मग हाताने फिरवा.

आणि हे करताना कुठलाही स्क्रू सैल करायचा नाही. मशीन बंद पडायच्या दिवसापर्यंत त्या युनिटमध्ये शिवत होतं ना? मग टायमिंग, म्हणजे सुई आणि शटलची जुळवलेली वेळ, बहुधा जागेवर आहे. लोक मशीन घरी आणतात आणि पहिल्याच दिवशी टायमिंगला हात घालतात. साफसफाई, तेल, नवी योग्य सुई, योग्य दोरा एवढं झाल्यावरही टाका पडला नाही, तरच शटलकडे बघायचं.

विजू_कोपरखैरणे

मिस्त्रीकाकांचं सगळं पटलं. मी इलेक्ट्रिकलवाला, मोटरबद्दल लिहितो.

क्लच मोटर चालू केली की सतत पूर्ण वेगात फिरत राहते. पॅडल दाबलं की क्लच चिकटतो आणि तो वेग मशीनला मिळतो. आपल्याकडे ५० हर्ट्झवर दोन पोलची मोटर साधारण २८८० फेऱ्या करते, चार पोलची १४४०. आता हिशोब बघा. मोटरची पुली ५० मिमी आणि हँडव्हीलची १०० मिमी धरली, तर २८८० वाली मोटर मशीनला मिनिटाला १४४० टाके देते. म्हणजे सेकंदाला २४. टाका ४ मिमीचा असेल तर सेकंदाला जवळजवळ १० सेंटिमीटर शिलाई. कारखान्यात सरळ लांब शिवणीला हे ठीक. पाकिटाच्या कोपऱ्यावर वळताना हा वेग कुणालाही नको.

सर्व्हो मोटर सिंगल फेजवर चालते, पॅडल दाबलं तरच फिरते, आणि कमाल वेग आपण बांधून ठेवू शकतो. त्याच पुल्यांवर सर्व्होच्या २०० फेऱ्या म्हणजे मिनिटाला १०० टाके, सेकंदाला दोनसुद्धा नाहीत. ५५० आणि ७५० वॉट अशा दोन्ही मिळतात. तुमच्या ६ मिमीसाठी ७५० घ्या. मोटरची पुली शक्य तितकी लहान, साधारण ४५ मिमीची लावा. लहान पुलीने वेग उतरतो आणि त्याच प्रमाणात सुईला जोर मिळतो.

जोडणी करताना:

हँडव्हीलचा वरचा भाग आपल्याकडे यायला हवा. उलटा फिरला तर टाका बनणारच नाही, दोरा मात्र अडकेल. बहुतेक सर्व्होंमध्ये दिशा बदलायची सोय असते, स्विच नाहीतर सेटिंगमध्ये. आधी पट्टा न लावता दिशा बघून घ्या.

पट्टा फार ताणू नका. मधोमध अंगठ्याने दाबल्यावर एक-दीड सेंटिमीटर आत जायला हवा.

अर्थिंग पक्कं हवं. अख्खं लोखंडी धूड आहे आणि तुमचे दोन्ही हात त्यावर असतात. घरात आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर या निमित्ताने बसवून घ्या. सुई बदलताना मोटर बंद, आणि सर्व्होचा डबा उघडायचा असेल तर प्लग काढून काही मिनिटं थांबा, आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते.

कळवेकर

विजू, थोडा विरोध नोंदवतो. कळव्यात माझ्या काकांकडे चपला-बुटांचे अपर (वरचे भाग) शिवतात, सगळी क्लच मोटरवर. सरावलेला कारागीर अर्धवट पॅडल दाबून एकेक टाका काढतो. क्लच मोटर कुणीही दुरुस्त करतं, क्लचची चकती बदलली की वर्षानुवर्षं चालते. सर्व्होचं कार्ड गेलं की ते फेकायचं आणि नवं आणायचं. ताईंनी सिंगल फेजची क्लच मोटर आणि सोबत तीनास एक रिड्यूसर (वेग उतरवणाऱ्या पुल्यांची जोडणी) लावला तर?

वागळे_मिस्त्री

कळवेकर, तुमचं म्हणणं कारखान्याच्या जागी शंभर टक्के बरोबर. दिवसभर तेच काम करणाऱ्याच्या टाचेत ते कसब असतं. ताई दिवसातून तासभर शिवणार, बाकी वेळ कापणार, कडा घासणार. त्यांनी टाच तयार करण्यात महिने घालवायचे की पिशव्या करायच्या? शिवाय तिसऱ्या मजल्यावर क्लच मोटरची घरघर सतत चालू राहिली तर खालचे शेजारी आठवड्यात वर येतील.

रिड्यूसरबद्दल मात्र सहमत. तीनास एक रिड्यूसर म्हणजे वेग एक तृतीयांश आणि जोर जवळजवळ तिप्पट. स्वस्तातला सर्व्हो अगदी मंद गतीत जाड थरावर अडतो, सुई चामड्यात जाऊन थांबते. तसं झालं तर सर्व्होलाच रिड्यूसर जोडायचा. आधी नुसता सर्व्हो लावून बघा, ६ मिमी ला पुरेसा पडतो.

अबोली_ऐरोली

सगळ्यांचे मनापासून आभार. पट्टी वाचली: थ्री फेज, ४१५ व्होल्ट. ७५० वॉटचा सर्व्हो सांगितलाय.

पट्टा काढून फिरवलं तरी जड लागत होतं. सुई प्लेट काढली आणि शटलखालून काळ्या नायलॉनच्या दोऱ्याचा बोळा निघाला, मिस्त्रीकाकांनी लिहिलं तसाच. आता हँडव्हील एका बोटाने फिरतं. रॉकेलचं काम झालं, तेल घातलं.

पण एक शंका. हँडव्हील फिरवलं की सुई खाली-वर होते, फूट चालतात, दातेही हलतात, शटल मात्र जागचं हलत नाही. काही मोडलंय का?

वागळे_मिस्त्री

मोडलेलं नसावं. तुमच्या हेडला सेफ्टी क्लच दिसतोय. ज्युकीमध्ये १५४१ च्या पुढे एस असलेल्या मॉडेलला तो असतो, आणि त्या धर्तीच्या चिनी हेडांनाही बरेचदा देतात. शटलमध्ये दोरा अडकला की क्लच सुटतो आणि शटल थांबतं, त्यामुळे टोक आणि टायमिंग वाचतं. तो बोळा अडकल्यावर सुटला असणार आणि युनिटवाल्यांनी तसंच बाजूला ठेवलं असणार.

मशीनच्या बेडवर, म्हणजे सपाट बैठकीवर, एक छोटं दाबायचं बटण शोधा. ते दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने हँडव्हील जोर लावून फिरवा. कट् असा आवाज येऊन क्लच बसेल. बटण सोडा आणि परत फिरवून बघा. जबरदस्ती हातोडी वगैरे नको.

अबोली_ऐरोली

बसला! कट् आवाज आला आणि शटल फिरायला लागलं. काका, तुम्हाला किती धन्यवाद देऊ.

आता सुई-दोऱ्याचं सांगा ना कुणीतरी. मशीनवाल्यांनी सुयांचं पाकीट दिलंय, त्यावर डीबी×१ लिहिलंय.

तुर्भ्याचा_कारागीर

त्या सुया बाजूला ठेवा ताई, त्या या हेडच्या नाहीत.

डीबी×१ ही शर्ट शिवायच्या साध्या मशीनची सुई. तिची दांडी साधारण १.६ मिमी, तुमच्या मशीनला २ मिमी दांडीची सुई लागते. शिवाय ती साधारण ५ मिमी ने आखूड. स्क्रू आवळून ती बसल्यासारखी वाटेल, पण शटलला दोरा सापडणारच नाही. तुमच्या हेडला १३५×१७ लागते, पाकिटावर डीपी×१७ असंही लिहितात. ती गोल टोकाची, कापडासाठी. चामड्याला त्याच मापाची १३५×१६ घ्या, तिचं टोक धारदार असतं, चामडं कापत जातं. लांबी-दांडी दोन्हींची एकच, त्यामुळे मशीनमध्ये काही बदलावं लागत नाही.

टोकातही प्रकार आहेत. एलआर लिहिलेलं टोक तिरकं कापतं, त्यामुळे टाका किंचित तिरपा बसतो, हाताच्या शिलाईच्या जवळ जाणारा. एस लिहिलेलं टोक शिवणीच्या रेषेत कापतं, टाका सरळ आणि थोडा खोल बसतो. तुम्हाला हाताच्या शिलाईची सवय आहे तर एलआर आवडेल. ऑर्गन, ग्रोझ-बेकर्ट, श्मेट्झ यांपैकी काहीही घ्या, पण खरं घ्या, खोक्यातल्या सुट्या बेनामी सुया घेऊ नका.

नुसतं अस्तराचं कापड शिवायचं असेल तेव्हा गोल टोकाची लावा. धारदार टोक कापडाचे धागे कापतं आणि शिवण पुढे उसवते.

दोरा: बॉन्डेड नायलॉन. बॉन्डेड म्हणजे पीळ उलगडू नये म्हणून वर पातळ लेप असलेला. कॉटन किंवा साधा शिलाईचा पॉलिएस्टर इथे नको. तिकीट आणि टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचे नंबर. पाकिटांना तिकीट ४० (टेक्स ७० च्या आसपास) आणि ११० नंबरची सुई. पिशव्यांना तिकीट ३० (टेक्स ९०) आणि १२० किंवा १२५. दिसणारी जाड शिलाई हवी असेल तर तिकीट २० (टेक्स १३५) आणि १४०. तिकीट वाढतं तसा दोरा बारीक होतो, दुकानात गोंधळ होऊ देऊ नका. त्यापुढे जाड दोरा या मशीनला झेपतो, पण टाका देखणा राहत नाही.

सुई-दोरा जुळतात का ते बघायची सोपी रीत: सुई मशीनबाहेर दोऱ्यात ओवा, दोरा दोन्ही हातांत तिरका ताणून धरा. सुई आपल्या वजनाने घसरत खाली आली तर बरोबर. अडकली तर नेढं लहान आहे.

सामान घ्यायला धारावी. ऐरोलीहून ठाणे, तिथून सायन. चामडं, दोरा, सुया, कुलपं-कड्या सगळं एका फेरीत होतं. कोट्स किंवा वर्धमानचा कोन मागा.

निमा_नेरूळ

धागा वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. माझ्याकडे ज्युकी डीडीएल ८७०० आहे, कपडे शिवते. त्याच्यावर पातळ चामड्याची पाकिटं जमतील का? नवं मशीन घेण्याएवढं काम नाही अजून.

तुर्भ्याचा_कारागीर

निमाताई, १ मिमी च्या आतलं मऊ चामडं, दोन थर, जमेल. पण समजून घ्या काय होतं ते. त्या मशीनमध्ये चामडं फक्त खालचे दाते ओढतात. वरचा फूट नुसता दाबून बसलेला असतो. चामडं फूटला चिकटतं, खालचा थर पुढे जातो, वरचा मागे राहतो. शेवटी कडा जुळत नाहीत. टेफ्लॉनचा किंवा रोलर फूट लावला तर बरंच सुधारतं.

अबोलीताईंच्या मशीनमध्ये खालचे दाते, सुई आणि वरचा आतला फूट तिघं एकत्र पुढे सरकतात. सुई चामड्यात असतानाच थर पुढे जातात, म्हणून घसरायला वावच नसतो. चामड्याच्या मशीनची खरी किंमत याच्यात आहे. वेगात नाही, मोटरच्या वॉटमध्येही नाही. जुनं मशीन घेताना पैसे या फीडसाठी, म्हणजे चामडं पुढे सरकवायच्या या रीतीसाठी, मोजावेत.

वागळे_मिस्त्री

त्यात एक भर. डीडीएल ८७०० मध्ये तेल खालच्या टाकीतून पंपाने वर चढतं, आणि पंप मशीनच्याच वेगावर चालतो. चामड्यासाठी सर्व्हो लावून तासन् तास अगदी हळू शिवलंत तर वर तेल पुरेसं पोचत नाही. वरच्या काचेत तेल उडताना दिसतंय का ते बघत जा. मधूनच फूट वर करून, दोरा काढून मशीन थोडा वेळ वेगात पळवा.

शिवाजी_कोपरी

कोल्हापुरी चपला या मशीनवर शिवता येतील का? गावाकडून तळ आणून इथे बांधायचा विचार आहे.

तुर्भ्याचा_कारागीर

शिवाजीदादा, नको. माझं घराणं तिकडचंच. अस्सल कोल्हापुरी वनस्पतींच्या सालीत कमावलेल्या चामड्याची आणि हाताने शिवलेली, चामड्याच्याच वादीने. तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय तो महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना. नायलॉनच्या दोऱ्याने मशीनवर शिवलेल्या चपलेला कोल्हापुरी म्हणून विकणं मला पटत नाही. शिवाय तळाचे थर एकत्र केले की या मशीनच्या आवाक्याबाहेर जातात. तेवढ्या जाडीला ज्युकी टीएससी ४४१ सारखं जड, नळीसारख्या हाताचं मशीन लागतं, आणि ते घरात ठेवायचं काम नाही.

अबोली_ऐरोली

सर्व्हो लागला, दिशा बरोबर. १३५×१६ एलआर, १२५ नंबर, तिकीट ३० चा दोरा. पहिल्यांदा दोऱ्याशिवाय कागदावर चालवलं. पुढे आणि रिव्हर्स दोन्हीकडे भोकं एकाच अंतरावर पडतात.

१.५ मिमी चे दोन थर छान शिवले जातात. पण तीन-चार थर आले की मध्येच एखादा टाका सुटतो. सुई नवी आहे, पूर्ण वर ढकलून बसवली आहे, लांब खाच डावीकडे. मऊ बकरीच्या चामड्यात जास्त सुटतो, कडक म्हशीच्यात कमी. टायमिंग?

वागळे_मिस्त्री

टायमिंग असतं तर कडक चामड्यातही सुटलं असतं. तुम्ही फार नेमकं निरीक्षण दिलंत, त्यातच उत्तर आहे.

टाका कसा बनतो ते बघा. सुई तळाला जाऊन थोडी वर येते, तेव्हा चामडं दोऱ्याला धरून ठेवतं आणि सुईच्या मागे दोऱ्याचा फुगवटा होतो. शटलचं टोक त्या फुगवट्यातून जातं. चामडंच सुईला चिकटून वर उचललं गेलं तर फुगवटा होतच नाही, टोक रिकामं जातं. मऊ, जाड, चिकट चामड्यात हेच होतं. फूटचा दाब वाढवा. वरचा दाबाचा स्क्रू अर्धा फेरा आवळा, परत बघा. आतला फूट सुईच्या अगदी जवळ चामडं दाबतो का तेही बघा, मोठ्या भोकाचा फूट असेल तर बदला.

कडा चिकटवायला सोल्युशन वापरता ना? ते पूर्ण वाळू द्या. ओल्या सोल्युशनने सुई चिकट होते आणि नेमकं असंच चामडं वर उचललं जातं.

हे करूनही सुटत राहिला तर टायमिंग तपासा, सैल न करता, फक्त बघायचं. सुई प्लेट काढा, हँडव्हील हाताने फिरवा. सुई सर्वांत खाली जाऊन साधारण २ ते २.५ मिमी वर आली की शटलचं टोक सुईच्या मध्यावर हवं. त्या वेळी टोक नेढ्याच्या वरच्या कडेपेक्षा दीड-दोन मिमी वर हवं. टोक आणि सुईमधली फट ०.०५ ते ०.१ मिमी, म्हणजे जेमतेम कागद जाईल. टोक सुईला घासत असेल तर ते लगेच थांबवा. सुईची जाडी बदलली की ही फट बदलते हे लक्षात ठेवा: ११० ला नीट लावलेलं शटल १४० ला घासू शकतं.

अबोली_ऐरोली

दाब वाढवला, सोल्युशन रात्रभर वाळू दिलं. टाका सुटणं थांबलं. टायमिंग फक्त बघितलं, तुम्ही दिलेल्या मापातच आहे.

पण दाब वाढल्यावर चामड्याच्या खालच्या बाजूला दातांचे ठसे उमटताहेत.

कळवेकर

युनिटमध्ये रेक्झिन शिवत असणार, म्हणून धारदार दाते आहेत. गुळगुळीत किंवा बारीक दातांचा सेट मिळतो, सुई प्लेट, दाते आणि दोन्ही फूट जुळते घ्या. वॉकिंग फूटमध्ये सुई चामडं ओढते, त्यामुळे दाते बोथट असले तरी चालतं. तोपर्यंत आहे त्याच दातांच्या टोकांवरून बारीक पॉलिश पेपर फिरवून धार बोथट करा, पण उंची कमी होऊ देऊ नका.

तुर्भ्याचा_कारागीर

टाक्याची लांबी किती ठेवलीत? ३.५ ते ४ मिमी ठेवा, इंचाला सहा-सात टाके. बारीक टाका मजबूत वाटतो, पण धारदार सुई प्रत्येक टाक्याला चामडं कापते. २ मिमी वर आलात की ती ओळ टपाल तिकिटाच्या कडेसारखी फाटते. शेवटी रिव्हर्सचे दोनच टाके, बाकी दोरे मागे ओढून टोक लायटरने वितळवा.

टेन्शन (दोऱ्याचा ताण) लावताना आधी बॉबिनचं, मग वरचं. गाठ थरांच्या मध्ये लपली पाहिजे. वरच्या बाजूला खालचा दोरा ठिपक्यासारखा दिसला तर वरचं टेन्शन जास्त आहे. पातळ चामड्यात गाठ लपायला जागाच नसते, तिथे बॉबिनमध्ये एक पायरी बारीक दोरा भरा.

विजू_कोपरखैरणे

पावसाळा तोंडावर आहे, खाडीकाठची हवा. काम झालं की नीडल बार आणि सुई प्लेट तेलाच्या फडक्याने पुसा, आणि झाकायला जाड सुती कापड. प्लॅस्टिकखाली दमट हवा कोंडते आणि गंज धरतो. चामड्याचे गुंडाळेही भिंतीला टेकवू नका, बुरशी येते. टेबलाच्या पायांखाली रबराचे ठोकळे दिलेत तर खालच्यांनाही आवाज जाणार नाही.

अबोली_ऐरोली

दात्यांचा गुळगुळीत सेट मिळाला, ठसे गेले. सध्याची मापं पुढच्यांसाठी लिहून ठेवते: १३५×१६ एलआर १२५, वर तिकीट ३०, पाकिटांसाठी बॉबिनमध्ये तिकीट ४०, टाका ४ मिमी, सर्व्होचा कमाल वेग ६०० ला बांधलाय, कोपऱ्यावर हँडव्हील हाताने.

एकच गोष्ट उरलीय. लांब शिवणीत मधूनच दोन-तीन टाके घट्ट येतात, मग परत नीट. टेन्शनच्या चकत्या साफ केल्या, तरी होतंय.

वागळे_मिस्त्री

दोऱ्याचा स्टँड बघा. कोनच्या बरोबर मध्यावर, सरळ वर, दोरा ओवायची कडी आली पाहिजे. उंची कोनच्या दोन ते अडीच पट. कडी बाजूला किंवा खाली असली की जाड बॉन्डेड दोरा कोनच्या कडेला घासत, अडत उलगडतो, आणि अडला की तेवढे टाके घट्ट होतात. कोनखाली स्पंजची चकतीही ठेवा, नायलॉनचे वेटोळे घसरून खाली पडतात आणि खुंटीला गुंडाळतात.

अबोली_ऐरोली

कडी एका बाजूला वाकलेली होती. सरळ केली, दांडी वर ओढली. आत्ता अख्ख्या पट्ट्याची शिवण टाकली, सगळे टाके एकसारखे आहेत.